देश, काल आणि भाडेकरू

वॉशिंग्टन राज्यात घराचे भाडे थकले की घरमालकाला भाडेकरूला एक नोटीस द्यावी लागते. तिचा मसुदा कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. कोणत्या महिन्याचे किती भाडे थकले ते तीत लिहायचे, आणि चौदा दिवसांत पैसे भरा नाहीतर घर सोडा असे बजावायचे. २०१९ पर्यंत ही मुदत अवघ्या तीन दिवसांची होती. ह्याच कागदावर, भाड्यासाठी मदत आणि कमी खर्चात किंवा फुकट वकील कुठे मिळेल ह्याची चौकशी करण्यासाठी २-१-१ हा फोन क्रमांकही छापलेला असतो. घर जाण्याची सूचना आणि ते वाचवण्याची वाट अशा दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येतात. ह्याच राज्यातल्या बेलव्ह्यू शहरात एखाद्या अपार्टमेंटच्या दारावर ही नोटीस लागते, तेव्हा शेजारच्या दारामागे राहणाऱ्या, भाडे किंवा कर्जाचा हप्ता बिनघोर भरणाऱ्या माणसाचे त्या कागदाशी काही देणेघेणे असते का? वरवर पाहता हा प्रश्न वकिलांचा आणि नगरपालिकेचा आहे. माझ्या मते तो त्याआधी धर्माचा आहे, कारण धर्म माणसाला जे प्रश्न विचारतो त्यातला पहिला प्रश्न शेजाऱ्याविषयीचा असतो.

दानाची चर्चा आपल्याकडे फार जुनी. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्यच आहे अशा भावनेने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला दिलेले दान ते सात्त्विक. देश, काल आणि पात्र ह्या तीन कसोट्या तिथून परंपरेत रुजल्या. जुन्या भाष्यकारांनी देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे तीर्थ, काल म्हणजे संक्रांतीसारखी पर्वणी आणि पात्र म्हणजे वेदविद्या जाणणारा सदाचारी माणूस असा अर्थ लावला. त्यांच्या काळाला तो शोभणारा होता. पण ह्या कसोट्यांचा आवाका त्या अर्थापेक्षा मोठा आहे. आज आपण कुणाला मदत करायची म्हटली की तिन्हींपैकी एकच कसोटी हाती धरतो. समोरचा माणूस लायक आहे का, उधळ्या तर नाही, आळशी तर नाही, खरे बोलतो आहे का, ह्याचीच चौकशी चालते. चौकशीत दिवस जातात आणि उरलेल्या दोन कसोट्या बाजूला पडतात. घर जाण्याच्या बेतात असलेल्या भाडेकरूच्या बाबतीत हा क्रम उलटा लावला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आधी काल पाहावा, मग देश, आणि पात्रतेची चौकशी गरजेपुरतीच करावी. असा क्रम लावला की आपण ज्याला दान म्हणतो ते शेजाऱ्याचे ऋण ठरते.

आधी काल घेऊ. वॉशिंग्टनमध्ये किमान वेतन २०२५ साली तासाला १६.६६ डॉलर होते. आठवड्याचे चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे एकही खाडा न करता काम केले तर कर कापण्याआधी महिन्याला साधारण २,८९० डॉलर हाती पडतात. बेलव्ह्यूत एका बेडरूमच्या घराचे भाडे सर्रास दोन हजारांच्या वर जाते. म्हणजे पगाराचा दोनतृतीयांशाहून मोठा वाटा भाड्यातच गेला. अशा माणसाच्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला, मूल आठवडाभर आजारी पडले, मालकाने कामाचे तास कमी केले, की तो महिना हातचा जातो. त्यानंतर घड्याळ सुरू होते. चौदा दिवसांची नोटीस संपली की न्यायालयाचे समन्स येते. ठरलेल्या तारखेच्या आत लेखी उत्तर गेले नाही तर भाडेकरूचे म्हणणे न ऐकताच निकाल लागू शकतो. निकाल विरुद्ध गेल्यावरही पाच न्यायालयीन दिवसांत सगळी रक्कम भरली तर घर टिकवता येते. तेही जमले नाही तर बेलव्ह्यू जिच्यात येते त्या किंग काउंटीचा शेरीफ ताबा घ्यायला येतो. सामान सांभाळून ठेवा असे भाडेकरूने मुदतीत लेखी कळवलेले नसेल, तर मालकाला ते जवळच्या सार्वजनिक जागेवर आणून ठेवण्याची मुभा आहे. पलंग, गाद्या, मुलांची दप्तरे, देव्हारा, सगळे रस्त्याकडेला. ह्या सबंध वाटेवर प्रत्येक टप्प्याला थोड्या दिवसांची मुदत आहे, आणि टप्पा ओलांडला की तीच मदत अधिक महाग पडते, कारण थकबाकीवर खटल्याचा खर्चही चढत जातो.

बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वचिंतक मैमोनिदीज ह्याने परोपकाराच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी म्हणजे माणूस कोसळण्याआधीच त्याचा हात धरणे, मग ते उसने देऊन असो, भागीदारी देऊन असो किंवा काम देऊन. उपाशी माणसाला जेवू घालण्यापेक्षा त्याला उपाशी राहण्याची वेळ येऊ न देणे त्याने श्रेष्ठ मानले. आपल्या काळातल्या संशोधनाने ह्या जुन्या विचाराला आधार दिला आहे. मॅथ्यू डेस्मंड ह्या समाजशास्त्रज्ञाने मिल्वॉकी शहरातल्या भाडेकरूंमध्ये राहून केलेला अभ्यास २०१६ साली पुस्तकरूपाने आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचा मुख्य निष्कर्ष असा की घरातून काढले जाणे हा गरिबीचा परिणाम तर असतोच, पण ते गरिबीचे कारणही असते. घर गेले की नोकरीवर लक्ष राहत नाही आणि तीही जाते, मुलांची शाळा बदलते, आणि न्यायालयात नोंद झालेला दावा पुढच्या प्रत्येक घरमालकाला दिसतो. महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्याने जे थांबले असते ते निस्तरायला पुढे वर्षे लागतात. म्हणून पर्वणी शोधायची तर ती ह्या चौदा दिवसांतच आहे. त्यानंतर दिलेले दानही चांगलेच असते, पण ते घर वाचवत नाही.

ह्या चौदा दिवसांत नेमके काय देता येते, हे कायद्यात जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या सरकारी किंवा धर्मादाय संस्थेने थकलेले सगळे भाडे भरण्याची लेखी हमी नोटिशीची मुदत संपण्याआधी दिली, तर घरमालकाला ती नाकारता येत नाही. मुदत संपल्यानंतरही, देणे पुरते फेडायला हातभार लागत असेल तर अशी हमी त्याला स्वीकारावी लागते, आणि पैसे पोहोचावेत म्हणून न्यायालयातली कारवाई सात न्यायालयीन दिवस थांबवावी लागते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही तरतूद ओळखीची वाटेल. दुष्काळात पंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला माणसे पाठवली. पंत पोहोचण्याआधीच विठू महार नावाचा एक माणूस दरबारात हजर झाला, त्याने सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. भाविकांनी त्याच्यात विठ्ठल पाहिला. कथेचा बारकावा असा की देवाने बादशहाचे मन वळवले नाही, कर्ज माफ करवले नाही, धान्य मुळात कुणाचे ह्यावर वादही घातला नाही. ज्याचे देणे होते त्याला ते पुरते मिळाले, वेळेत मिळाले आणि त्याचा कागद झाला. संकटातल्या माणसाच्या वतीने तिसऱ्याने पुढे होऊन देणे चुकवणे हेच इथे देवाचे काम मानले आहे. संस्थेचे हमीपत्र हे त्याच कामाचे आजचे रूप आहे, आणि ते करायला चमत्कार लागत नाही.

आता देश. बेलव्ह्यू हे लहान शहर राहिलेले नाही. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,५१,८५४ भरली. जवळपास निम्मी कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात, आणि रहिवाशांचा मोठा हिस्सा परदेशात जन्मलेला आहे. गावाकडे ज्याला भावकी म्हणतात ती इथे कुणालाच नाही. म्हणून भावकीचे काम संस्थांना करावे लागते, आणि त्या आहेतही. १९७१ पासून काम करणारी होपलिंक थकलेल्या भाड्यासाठी मदत देते. ईस्टसाइड लीगल असिस्टन्स प्रोग्रॅम कायद्याचा सल्ला देतो. किंग काउंटी बार असोसिएशनचा हाउसिंग जस्टिस प्रोजेक्ट न्यायालयात भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो. शहराचे स्वतःचे तंटा निवारण केंद्र मालक आणि भाडेकरू ह्यांच्यात फुकट मध्यस्थी करते. क्रॉसरोड्सच्या मॉलमध्ये नगरपालिकेचे छोटे कार्यालय आहे, तिथे अनेक भाषांत विचारपूस करता येते. सेंट व्हिन्सेंट दि पॉल ही १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली कॅथलिक संस्था किंग काउंटीतही काम करते. तिचे स्वयंसेवक अडचणीतल्या कुटुंबाच्या घरी जोडीने जातात, बसतात, ऐकून घेतात. सेंट अँड्र्यूज ह्या इथल्या ल्यूथरन चर्चच्या सभासदांनी १९८७ साली परवडणारी घरे बांधण्यासाठी संस्था काढली. तीच पुढे इमॅजिन हाउसिंग झाली. ह्या सगळ्यांची ताकद जवळ असण्यात आहे. कोणते अपार्टमेंट कुणाच्या ताब्यात आहे, तिथल्या व्यवस्थापकाशी कसे बोलावे, कोणत्या शाळेतली समुपदेशक कुटुंबाला ओळखते, हे दूरच्या निधीला कळत नाही. चौदा दिवसांत पोहोचायचे तर मदत हाकेच्या अंतरावरच हवी.

देश ह्या कसोटीला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिचे स्मरण. आज जिथे उंच इमारती आणि दुकाने आहेत, त्या परिसरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी कुटुंबांनी जंगल तोडून, बुंधे उपटून स्ट्रॉबेरीची शेती उभी केली. त्या पिकाच्या नावाने गावाचा उत्सव भरत असे. १९२१ च्या राज्य कायद्याने ह्या लोकांना जमीन विकत घेण्याची मनाई होती, आणि भाड्याने घेण्याचीही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या मे महिन्यात, त्यांतल्या सुमारे साठ कुटुंबांना, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसकट, रेल्वेत बसवून नजरकैदेच्या छावण्यांकडे नेले. पुष्कळजण परतलेच नाहीत. तो जमिनीचा कायदा १९६६ साली रद्द झाला. त्याही आधी, १८५५ च्या तहानंतर, इथल्या मूळ रहिवाशांच्या हातून ही भूमी गेली होती. थकलेल्या भाड्याची तुलना ह्या अन्यायांशी करायची नाही; दोहोंची जात वेगळी आहे. पण कायदेशीर कागद हाती असला म्हणजे माणसाला घराबाहेर काढणे आपोआप न्याय्य ठरते असे ज्याला वाटते, त्याने बेलव्ह्यूचा हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. १९४२ सालीही कागद होतेच. अशा जागी सुखाने राहणाऱ्या, आणि बाहेरून येऊनही इथे सामावल्या गेलेल्या माणसावर, शेजाऱ्याचे घर टिकवण्याचे ऋण अधिकच चढते.

राहिली पात्रता, आणि खरी अडचण इथेच आहे. ज्याचे भाडे थकले त्याचे काहीतरी चुकलेच असणार, हे ज्याचे त्याचे कर्म आहे, आपण मध्ये कशाला पडा, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कर्मसिद्धान्ताचा हा वापर मला उलटा वाटतो. आपल्या वाट्याला आलेले धीराने सोसावे आणि आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावी, ह्यासाठी तो सिद्धान्त आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार तो कुणाला देत नाही. शेजाऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब आपल्याजवळ नाही. त्याच्या दारावरची नोटीस मात्र आपल्याला दिसते आहे, आणि ती दिसल्यावर आपण काय केले हे आपले कर्म आहे. संतांनी तर पात्रतेची जुनी कल्पना केव्हाच ओलांडली. एकनाथांविषयी सांगतात की काशीहून रामेश्वराला अर्पण करण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. जुन्या अर्थाने पाहिले तर देश रामेश्वराचा होता आणि पात्र साक्षात शंकर. नाथांनी दोन्ही सोडून वाळूत पडलेला जीव निवडला, कारण तहान तिथे होती आणि तेव्हा होती. त्या गाढवाने वेळेवर पाणी का शोधले नाही, असा प्रश्न कथेत कुणी विचारत नाही. भाडेकरूबाबत पात्रतेचे एवढेच प्रश्न विचारावेत: भाडे खरेच थकले आहे का, आणि ह्या मदतीने घर टिकेल का. बाकीची चौकशी देणाऱ्याच्या समाधानासाठी असते.

ह्यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. बेलव्ह्यू महाग शहर आहे, ज्याला परवडत नाही त्याने स्वस्त गावी जावे, त्याला इथेच ठेवण्याचा आग्रह कशासाठी? हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि मुंबईने त्याचे उत्तर फार पूर्वी ऐकले आहे. १९८१ साली मुंबईतल्या पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ साली लागला. त्यात न्यायालयाने मान्य केले की माणसे काम जिथे आहे तिथे राहतात, निवारा हिरावला तर उपजीविकाही हिरावली जाते, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पदपथ अडवण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही, आणि काही अटी घालून झोपड्या हटवायला परवानगी दिली. तरीही जागा आणि पोट ह्यांचा संबंध त्या निकालाने कायमचा नोंदवला. बेलव्ह्यूच्या भाडेकरूने तर कुणाची जागा अडवलेली नाही. तो करार करून, भाडे भरून राहत आला आहे. शहरातली हॉटेले, पाळणाघरे, इस्पितळे आणि कार्यालयांची साफसफाई ज्यांच्या कष्टांवर चालते, त्यांनी कामाला यावे पण वस्तीला राहू नये, असे कोणत्या नीतीत बसते? पुढे कधी स्वस्त गावी जाणे एखाद्या कुटुंबाच्या हिताचेही असेल. पण तो निर्णय त्यांनी सवडीने, मुलांचे वर्ष संपल्यावर, अनामत रक्कम हाती घेऊन करावा. चौदा दिवसांत चंबूगबाळे उचलून निघणे ह्याला स्थलांतर म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप घरमालकाच्या बाजूचा, आणि तो मराठी वाचकाला जवळचा वाटेल, कारण ह्या परिसरात मराठी घरमालकही आहेत. आयुष्यभराच्या बचतीतून एक जास्तीचे घर घेतले, त्याच्यावर कर्ज आहे, मालमत्ता कर आहे. भाडे आले नाही तर हप्ता कुठून भरायचा? ह्या माणसाला धनदांडगा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. तुकोबांविषयी परंपरा सांगते की मोठ्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ती थोरवी तुकोबांची. एखादा घरमालक तसे करील तर त्याला नमस्कारच करावा. पण कुणीही उठून दुसऱ्याला त्याची कर्जखते बुडवायला सांगू शकत नाही. तसे सांगणारा परक्याच्या खिशातून पुण्य कमावतो. इथेच दामाजींच्या कथेची वाट उपयोगी पडते. थकलेल्या भाड्यासाठी दिलेला पैसा शेवटी घरमालकाच्याच हाती जातो. त्याचे भाडे वसूल होते, खटल्याचा खर्च आणि रिकाम्या घराचे महिने वाचतात, आणि ओळखीचा भाडेकरू टिकतो. मालक आणि भाडेकरू ह्यांच्यात कुणाची बाजू घ्यायची, अशी निवड करण्याची वेळच ही मदत आपल्यावर आणत नाही. मालकाकडून धर्माची एवढीच अपेक्षा आहे की त्याने नोटीस देण्याआधी दार ठोठावून विचारपूस करावी, मध्यस्थीला बसावे, आणि हमीपत्र आले की चार दिवस धीर धरावा.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे सरकारचे काम आहे. आपण कर भरतो, तेवढे पुरे. वॉशिंग्टन सरकारने खरोखर पुष्कळ केले आहे. २०२१ साली योग्य कारणाशिवाय भाडेकरूला काढण्यावर राज्यभर निर्बंध आले. त्याच वर्षी, अशा दाव्यात गरीब भाडेकरूला फुकट वकील देण्याची हमी देणारे हे देशातले पहिले राज्य ठरले. २०२५ च्या मे महिन्यापासून भाडेवाढीला वर्षाला महागाई दर अधिक सात टक्के किंवा दहा टक्के, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढी मर्यादा आहे. पण वकील भाडे भरत नाही, आणि मर्यादेत वाढलेले भाडेही वाढलेलेच असते. महासाथीच्या काळात अमेरिकी संसदेने भाडेसाहाय्यासाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा असंख्य घरे त्या पैशांवर तगली. तो निधी संपला. दावा दाखल करण्याआधी मालक-भाडेकरूंना एकत्र बसवणारी राज्याची प्रायोगिक योजनाही २०२३ च्या जूनअखेर संपली. सरकारकडे मागणी करत राहणे हे नागरिकाचे कर्तव्य आहेच. पण विधिमंडळाचे अधिवेशन जानेवारीत भरते आणि नोटीस कोणत्याही महिन्यात येते. मधल्या काळात घर वाचवायचे तर ते जवळच्या माणसांनीच वाचवायचे आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे. पैसा मर्यादित, मागणारे अनेक. मग निवड करावीच लागते, आणि निवड म्हणजे पुन्हा पात्रता आलीच. शिवाय मदत मिळते म्हटल्यावर काही जण मुद्दाम भाडे थकवतील. फसवणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे रक्कम मागणाऱ्याच्या हाती पडत नाही, ती मालकाला जाते, आणि थकबाकीचा कागद समोर असतो. त्यामुळे फसवणुकीला वाव थोडाच उरतो. आणि न्यायालयातल्या दाव्याची नोंद पत्करून, मुलांना घर जाण्याच्या भीतीत ठेवून, दोन महिन्यांचे भाडे फुकट मिळवण्याचा बेत फार थोडी माणसे करतील. राहिला निवडीचा प्रश्न. निवड करावी लागेल हे मला मान्य आहे. म्हणूनच ती स्वभावाच्या परीक्षेवर न ठेवता काळावर ठेवावी. ज्याची मुदत आधी संपते त्याचा अर्ज आधी पाहावा, आणि जिथे थोड्या रकमेने घर टिकते तिथे ती आधी द्यावी. असा नियम उघड सांगता येतो आणि सर्वांना सारखा लावता येतो. कोण गरीब बिचारा दिसतो, कोण नम्रपणे बोलतो, कोण आपल्या जातीचा किंवा भाषेचा आहे, ह्यावरून होणारी निवड नेहमी गाऱ्हाणे नीट मांडता येणाऱ्याच्या बाजूने झुकते. इंग्रजी अडखळत बोलणारी बाई तिथे मागेच राहते.

आपल्या समाजापुरते एक बोलले पाहिजे. हा प्रश्न दुसऱ्यांचा आहे, असे मराठी माणसाने समजू नये. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण साठ दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या जानेवारीत दहा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि २०२५ च्या मे व जुलै महिन्यांत मिळून सुमारे पंधरा हजार. अशा वेळी भाड्याचा करार डोक्यावर असतो आणि तोंड उघडायची चोरी असते. चारचौघांत अब्रू जाईल म्हणून कुटुंबे कुणाला सांगत नाहीत, क्रेडिट कार्डांवर महिने ढकलतात, आणि नोटीस आली तरी ती खणात ठेवतात. ही भीड मोडणे हे सुद्धा धर्मकार्य आहे. गाडगेबाबा स्वतः कुठल्याच घरात राहिले नाहीत, पण त्यांनी गावोगावी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि बेघरांना आसरा देणे ही त्यांच्या शिकवणुकीतली ठळक गोष्ट होती. त्यांच्या नावाने हात जोडणाऱ्या समाजाच्या मंडळांनी आणि मंदिरांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला एक ठरलेला हिस्सा स्थानिक भाडेसाहाय्य निधीला द्यावा. तो मराठी माणसांपुरता राखून ठेवू नये. ज्यांना इंग्रजी सरावाचे आहे त्यांनी नोटीस वाचून दाखवायला, अर्ज भरायला, समन्सचे उत्तर मुदतीत पोहोचवायला वेळ द्यावा. ह्या कामात तासभराची मदतही घर वाचवू शकते.

तेव्हा वाचकाला विनंती अशी. आपल्या इमारतीत, मुलांच्या शाळेत, कामाच्या ठिकाणी कुणाचे भाडे थकल्याचे कानावर आले तर त्याच्या स्वभावाची चर्चा करत बसू नका. नोटीस कोणत्या तारखेची आहे एवढे आधी विचारा. त्याच दिवशी त्याच्यासोबत २-१-१ ला फोन लावा, होपलिंकचा अर्ज भरा, समन्स आले असेल तर हाउसिंग जस्टिस प्रोजेक्टच्या वकिलाशी बोलणे करून द्या. घरमालक असाल तर हमीपत्राची वाट पाहा. देणे शक्य असेल तर संस्थेला द्या, आणि दिल्यावर आभारांची वाट पाहू नका, कारण आपण केवळ आपले देणे चुकवले आहे. मुदत चौदा दिवसांची आहे.